‘हलू नका’ म्हणू नका!

संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात माणसाचा चेहरा टिपायचा असेल तर कॅमेऱ्यात ४०० पेक्षा कमी स्पीडचा रोल घालू नये. माणूस म्हातारा किंवा अगदी लहान असेल तर तो ४०० चा रोलसुद्धा ८०० किंवा १६०० समजून वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरात यावरून सध्या दोन तट पडले आहेत. एका तटात माझा पुतण्या, दुसऱ्यात मी. मध्ये बिचारी माझी नात, कारण कॅमेरा तिचा आणि रोलचे पैसेही तिचेच.

नातीने गेल्या वर्षी एक जुना पेंटॅक्स के १००० घेतला. सोबत ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स. हल्लीच्या तरुण मुलांना फिल्मवर फोटो काढायची पुन्हा हौस आली आहे, ते बघून माझ्यासारख्याला बरं वाटतं. तिच्या मनात आलं की आमच्या आक्काचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, तिच्या राहत्या घरात फोटो काढावेत. आक्का आता ८८ वर्षांची आहे. तेव्हा रोल कुठला घ्यायचा हा प्रश्न आला.

पुतण्याचं म्हणणं असं, की फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे, तर फिल्म बारीक ग्रेनची हवी. १०० चा रोल घाल आणि फ्लॅश मार, नाहीतर स्टँड लाव. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. उन्हात, अंगणात, देवळाच्या पायऱ्यांवर १०० ची फिल्म मीही आनंदाने वापरेन. पण आक्का संध्याकाळी बसते ती माजघराच्या दाराशी. तिथे उजेड असतो तो एका ट्यूबचा आणि देवापुढच्या समईचा. फोनवर सांगून पुतण्याला पटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. (तो हा ब्लॉग वाचतो. वाचून झालं की फोन येईलच!)

आधी थोडं गणित. घाबरू नका, मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर, माझं गणित दुपटीच्या पाढ्यापलीकडे जात नाही. इथे तेवढंच लागतं.

फिल्मचा स्पीड म्हणजे उजेडाला दाद देण्याची तिची ताकद. डब्यावर जो आकडा असतो, १००, २००, ४००, ८००, त्याला पूर्वी एएसए म्हणत, आता आयएसओ म्हणतात. आकडा दुप्पट झाला की फिल्मला निम्मा उजेड पुरतो. म्हणजेच शटर निम्म्या वेळात मिटलं तरी चालतं. आमच्या वेळी पूर्व जर्मनीच्या ‘ओर्वो’च्या फिल्म मिळायच्या, त्यांची नावं एनपी २२, एनपी २७ अशी असत. ते आकडे जर्मन पद्धतीचे. त्या पद्धतीत तीनने आकडा वाढला की स्पीड दुप्पट. २७ म्हणजे आपले ४००. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ही मिळायची. तेव्हा आम्ही मिळेल ती फिल्म वापरायचो, निवड करायची चैन फारशी नव्हती. आज आहे, तर ती नीट करावी.

आता साधारण एका ट्यूबच्या उजेडातली खोली घ्या. लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ २. चेहऱ्याजवळ लाइट मीटर धरला तर १०० च्या फिल्मला तो साधारण १/८ सेकंद सांगतो. २०० ला १/१५, ४०० ला १/३०, ८०० ला १/६० आणि १६०० ला १/१२५. समई आणखी मंद. पाच वाती पेटलेल्या आणि चेहरा हातभर अंतरावर असेल तर १०० च्या फिल्मला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. ३२०० ला तिथेच १/६० पुरतो. उजेड खोलीगणिक बदलणारच, पण अंदाज यायला हे आकडे पुरेसे आहेत.

हातात धरलेला कॅमेरा कितपत स्थिर राहतो? जुना ठोकताळा असा, की लेन्सचे मिलिमीटर जितके, त्याच्या आसपासचा शटर स्पीड हवाच. ५० च्या लेन्सला १/६०, शंभरच्या आसपासच्या लेन्सला १/१२५. त्याखाली गेलात की हात हलल्याची खूण निगेटिव्हवर उमटते. आणि हा हिशेब फक्त फोटो काढणाऱ्याच्या हाताचा आहे. समोरचा माणूस श्वास घेतो, बोलतो, पापण्या मिटतो, मान वळवतो. तो हिशेब वेगळाच.

माझं म्हणणं इथेच सुरू होतं. उजेड कमी असला की कोणाला तरी तडजोड करावी लागते. एक तर फिल्मने करायची, नाहीतर समोरच्या माणसाने. फिल्म संथ असेल तर माणसाला दगड व्हावं लागतं. फिल्म जलद असेल तर माणूस माणसासारखा बसू शकतो. ग्रेन ही या सोयीची किंमत आहे, आणि ती मला फार स्वस्त वाटते.

थोडा इतिहास सांगतो, सवय जात नाही. १८३९ मध्ये फोटोग्राफी जगापुढे आली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. पुढे ती कमी झाली, तरी माणसाला बराच वेळ निश्चल बसावं लागे. त्यासाठी स्टुडिओत खुर्चीमागे एक लोखंडी दांडा असे आणि त्याच्या चिमट्यात डोकं मागून टेकवलेलं असे. जुन्या फोटोंतली माणसं एवढी कठोर का दिसतात, त्याचं निदान अर्धं उत्तर त्या चिमट्यात आहे. इतका वेळ हसू टिकवता येत नाही. गंभीर चेहरा टिकवता येतो.

आमच्या आईचा एकुलता एक नीट फोटो १९५८ सालचा आहे. तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेला. मोठा लाकडी कॅमेरा, काळं फडकं, काचेची प्लेट. फोटोग्राफर लेन्सवरची टोपी काढायचा, मनात एक-दोन म्हणायचा आणि टोपी परत लावायचा. त्याआधी दहा वेळा ‘हलू नका’. आई त्यात ओठ घट्ट मिटून, डोळे ताणून बसली आहे. ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ठाऊक आहे की ती दिवसातून दहा वेळा पदर तोंडाला लावून हसायची. पण तिला पाहिलेले आता आम्ही दोघंच उरलो, आक्का आणि मी. माझी नात लहान असताना त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली होती, “आबा, पणजी फार कडक होती का हो?” तिला दोष कसा देणार? पुढच्या पिढ्यांसाठी तो फोटो म्हणजेच आमची आई. त्या फोटोग्राफरचाही दोष नाही, त्याच्याकडे होती ती प्लेट तेवढ्याच ताकदीची होती. आज आपल्याकडे पर्याय असताना आपण तेच करावं, याला मात्र माझा विरोध आहे.

संथ प्लेटवर मात करायचा प्रयत्न चांगल्या चांगल्यांनी केला. जर्मनीत एरिख सालोमोन नावाचा कायद्याची पदवी घेतलेला गृहस्थ होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने एर्मानॉक्स नावाचा, त्या काळी अजब वाटावी एवढी मोठी उघडणारी लेन्स असलेला छोटा कॅमेरा घेतला आणि राजकीय परिषदांमध्ये फ्लॅशशिवाय फोटो काढले. १९३० च्या हेगच्या परिषदेत रात्री उशिरा पेंगुळलेल्या मंत्र्यांचे त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण त्यालाही एकेक काचेची प्लेट घालायची आणि बोलणारा माणूस क्षणभर थांबण्याची वाट बघायची, एवढंच हातात होतं. (हा ज्यू माणूस पुढे १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मारला गेला. फोटो उरले.)

दुसरं उदाहरण सिनेमाचं. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग आहेत. फिल्म होती १०० स्पीडची, ती एक स्टॉप पुश करून २०० ची केली. तेवढ्याने काय होणार? म्हणून मूळ ‘नासा’साठी बनवलेली झाइसची एफ ०.७ ची लेन्स कॅमेऱ्याला बसवली. चित्र सुंदर आलं, पण लेन्स एवढी उघडली की फोकसची खोली अगदी पातळ होते. नटांना फार हलायची सोय राहिली नाही. म्हणजे इथेही फिल्मची उणीव माणसांनीच बसून भरून काढली.

आता याच्या उलट उदाहरण. कोडॅकने १९५४ मध्ये ‘ट्राय-एक्स’ ही जलद फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये आणली. आज तिचा स्पीड ४०० धरतात. वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरना तिने फ्लॅशच्या बल्बपासून बरंच मोकळं केलं. इंग्लंडच्या ‘ऑब्झर्व्हर’ वर्तमानपत्राच्या जेन बाऊन या बाईंनी काही दशकं खिडकीच्या नाहीतर खोलीतल्या उजेडात पोर्ट्रेट काढली. त्यांचा आवडता हिशेब एफ २.८ आणि १/६०. उजेडाचा अंदाज त्या बरेचदा स्वतःच्या हाताच्या पाठीवर पडलेल्या उजेडावरून घेत. हाताशी साधा ओलिम्पस कॅमेरा आणि जलद काळी-पांढरी फिल्म. बाई २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या फोटोंत ग्रेन आहे, अगदी दिसण्याइतका आहे. पण फोटो बघताना लक्ष जातं ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे.

ग्रेन मुळात येतो का, हेही सांगायला हवं. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. पागोळीखाली वाटी ठेवली तर थोडं पाणी जमतं, परात ठेवली तर जास्त. तसंच मोठ्या स्फटिकावर प्रकाश सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तो थोड्या उजेडात कामाला येतो. फिल्म धुताना असा प्रकाश लागलेला स्फटिक अख्खाच्या अख्खा काळा होतो. म्हणजे स्पीड आणि दाणा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. १९८० च्या दशकात चपट्या स्फटिकांच्या फिल्म आल्या, त्यांनी दाणा काहीसा कमी केला. पण हिशेब पूर्ण मिटला नाही, मिटणारही नाही.

आता पुतण्याचे मुद्दे एकेक करून घेतो.

पहिला फ्लॅश. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून सपाट उजेड मारतो. सुरकुत्या, गालाचा उतार, डोळ्यांखालची सावली, सगळं धुऊन जातं आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. भिंतीवर किंवा छतावर उजेड आपटवून तो मऊ करता येतो, हे मान्य. पण आमच्या माजघराचं छत काळपट लाकडाचं आहे, ते उजेड गिळून टाकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे समईचा उजेड आणि ती खोली, हे दोन्ही फोटोतून जातात. मग आक्काला बाजारातल्या स्टुडिओत नेलं काय आणि घरी काढलं काय, सारखंच. आक्काची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. फ्लॅश पडला की ती डोळे मिटते आणि पुढची पाच मिनिटं चोळत बसते.

दुसरा स्टँड. स्टँड कॅमेऱ्याला धरून ठेवतो, माणसाला नाही. हे वाक्य मी पुतण्याला तीन वेळा ऐकवलं आहे, इथे चौथ्यांदा लिहितो.

तिसरा मुद्दा लेन्सचा. ‘एफ १.४ ची लेन्स घ्या, मग १०० ची फिल्मही चालेल’ असं काही जण म्हणतात. एफ २ वरून एफ १.४ वर गेलात की मिळतो फक्त एक स्टॉप, म्हणजे १/८ चे १/१५ झाले. आणि दीड मीटरवरून ५० च्या लेन्सने एफ १.४ वर फोकसची खोली जेमतेम सात-आठ सेंटिमीटर राहते. माणूस बोलता बोलता जरा पुढे वाकला की डोळे फोकसबाहेर. मोठी लेन्स चांगलीच, पण ती जलद फिल्मच्या जोडीला. तिच्या जागी नाही.

चौथा मुद्दा पुतण्याचा नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा असेल: मोबाइलने काढा की! काढा, जरूर काढा. मोबाइल रात्रीच्या वेळी पटापट अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो आणि एक स्वच्छ फोटो करून देतो. रोजच्या आठवणीला तो उत्तम. पण त्यात कातडी पुष्कळदा गुळगुळीत होते, आणि आक्काच्या चेहऱ्यावरच्या रेषा मला गुळगुळीत नको आहेत. शिवाय नातीला हौस फिल्मची आहे. तेव्हा फिल्म घ्यायचीच, तर कुठली, एवढाच आपला प्रश्न.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते सांगतो. आक्काला गेली काही वर्षं कंप आहे. हात थरथरतात आणि मानही सतत थोडी थोडी हलते. मागच्या दिवाळीत सगळे जमले होते. कोणीतरी हौसेने तिचा एकटीचा फोटो काढायला घेतला. उजेड कमी, फोटो हललेला येत होता. मग सुरू झालं, “आक्का, हलू नका.” “आक्का, जरा एक मिनिट स्थिर.” चार-पाच वेळा झालं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, मान भिंतीला टेकवली, तरी हलतच होती. शेवटी हळूच म्हणाली, “अरे, माझ्या हातात आहे का ते?” सगळे हसले, तीही हसली. पण त्यानंतर तिने फोटोला बसायचं नाव काढलं नाही. कोणी मोबाइल वर केला की ती पदर सारखा करून आत जाते.

म्हणून मला ती १/८ आणि १/१२५ ची भानगड नुसती तांत्रिक वाटत नाही. १/१२५ ला आक्काचा कंप जवळजवळ सापडत नाही. म्हणजे तिला काही सांगावंच लागत नाही. ती बोलत राहील, हात हलवील, वाती वळील, आणि फोटो येईल. ‘हलू नका’ हे शब्द त्या खोलीत उच्चारावे लागू नयेत, यासाठी मी थोडा ग्रेन काय, पुष्कळ ग्रेन पत्करीन.

तर माझा सल्ला असा. पहिली निवड ४०० ची काळी-पांढरी फिल्म, इलफर्डची ‘एचपी ५ प्लस’ किंवा कोडॅकची ‘ट्राय-एक्स’. कॅमेऱ्यावर आकडा ठेवायचा १६०० आणि रोल धुताना पुश करायचा, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. एचपी ५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, त्यात पाणी न घालता, २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटं लागतात, १६०० साठी १४. (उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणी २० अंश कुठलं? बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून खाली आणावं लागतं.) बाहेर धुवायला देणार असाल तर डबीवर ठळक लिहा: १६०० ला पुश. नाही लिहिलंत तर ते नेहमीसारखा धुतील आणि निगेटिव्ह फिके येतील.

पुश केल्याने जादू होत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्या सावलीपर्यंत उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपर काही निर्माण करू शकत नाही. विद्यार्थ्याने प्रश्न कोरा सोडला तर मार्क कशाला द्यायचे? पुशने उजळ भाग जास्त उजळतो, सावल्या काळ्याच राहतात, फोटो कडक होतो. म्हणून उजेड चेहऱ्यावर मऊ आणि पसरलेला हवा. खोलीत शक्य असेल तर अंधाऱ्या बाजूला एक पांढरं धोतर किंवा चादर दोरीवर टाकून ठेवा. सत्यजित रायांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा सेट उभारला तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. आपल्याला एवढा थाट नको, एक धोतर पुरे.

दुसरी निवड ३२०० लिहिलेल्या फिल्म. इलफर्डची ‘डेल्टा ३२००’ १९९८ पासून आहे. कोडॅकची ‘टी-मॅक्स पी ३२००’ १९८८ मध्ये आली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये परत आली. गंमत अशी की डब्यावर ३२०० असलं तरी यांचा खरा स्पीड हजाराच्या आसपासच आहे. पुश करूनच त्या ३२०० ला पोचतात. म्हणून याही १६०० ला वापरल्या तर सावल्यांत जास्त तपशील मिळतो. ग्रेन मोठा आणि किंमतही जास्त. नुसत्या समईच्या उजेडात काढायचं असेल तर मात्र याच घ्या, तिथे ४०० ची फिल्म ताणून ताणून थकते.

रंगीत हवी असेल तर कोडॅकची ‘पोर्ट्रा ८००’ चांगली, पण ती दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली आहे. पिवळ्या बल्बखाली चेहरा नारिंगी येईल, जुन्या ट्यूबखाली हिरवट. ‘सिनेस्टिल ८०० टी’ ही सिनेमाच्या फिल्मपासून केलेली, बल्बच्या उजेडासाठी जुळवलेली आहे. तिच्या मागचा काळा थर काढलेला असल्याने दिव्यांभोवती तांबडं वलय येतं. काहींना ते आवडतं, मला समईभोवती ते नको वाटतं. फुजीच्या १६०० च्या रंगीत फिल्म बंद झाल्या, जुन्या साठ्यातल्या कोणी विकत असेल तर घेऊ नका. जलद फिल्म म्हातारी लवकर होते. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी दोन रोल ठेवलेले आहेत, त्यावरून घरात जे बोलणं होतं ते इथे लिहीत नाही.

आपल्या सावळ्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रंगीत फिल्म आणि तिची छपाई बराच काळ गोऱ्या कातडीला धरून जुळवली जात होती. कोडॅक छपाईवाल्यांना नमुन्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. पुढे ते सुधारलं. पण कमी उजेडात अडचण अजून होते, ती मीटरमुळे. मागे चुन्याची पांढरी भिंत किंवा जळता दिवा असला की मीटरला वाटतं उजेड पुष्कळ आहे, आणि सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. म्हणून चेहऱ्यापाशी जा, कॅमेऱ्यात फक्त चेहरा दिसेल असं मीटर वाचा, आकडे लावा आणि मग मागे या. आक्काला सांगा की मी आकडे बघतेय, तू आपलं बोल.

परदेशातल्या आमच्या मंडळींना एक विनंती. येताना रोल आणणार असाल तर मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा आणि विमानतळावर यंत्रात न घालता हाताने तपासायला सांगा. जलद फिल्मवर क्ष-किरणांचा परिणाम आधी होतो, आणि हल्लीची नवी सीटी पद्धतीची यंत्रं तर कुठल्याच फिल्मला चांगली नाहीत.

पुतण्याने शेवटचा मुद्दा काढला होता, की एवढा ग्रेन असलेला फोटो मोठा करून भिंतीवर कसा दिसेल? सांगतो. भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो, नाकाला लावून नाही. तिथून ग्रेन खादीच्या पोतासारखा वाटतो. हललेला चेहरा मात्र चार फुटांवरूनही हललेलाच दिसतो, आणि मिटलेले ओठ मिटलेलेच. तीस-चाळीस वर्षांनी त्या भिंतीपुढे उभं राहणारं पोर ग्रेन मोजणार नाही. ते विचारील, ही आजी कशी होती?

तेव्हा नातीला माझं सांगणं पक्कं आहे. एचपी ५ चे दोन रोल, १६०० वर, १/१२५ आणि एफ २. पांढरं धोतर मी देतो. आक्काला आधी काही सांगायचं नाही, फक्त मी समोर बसून आमच्या लहानपणी घरात शिरलेल्या माकडाची गोष्ट काढतो. ती गोष्ट तिने हजार वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी ती शेवटापर्यंत पोचायच्या आधीच हसायला लागते.

तुमच्यापैकी कोणी कमी उजेडात घरच्या माणसांचे फोटो फिल्मवर काढले असतील तर कुठला रोल वापरलात, कसा धुतलात, ते जरूर कळवा. पुतण्याच्या बाजूचे असाल तरी कळवा. वाद घालायला मला वेळच वेळ आहे.